गुन्ह्याच्या जागी लाळ सापडली, म्हणजे आरोपी सापडला का? बीडच्या निमित्ताने समजून घ्या

बीड जिल्ह्यात एखादा मोठा गुन्हा घडला की आपल्या फोनवर काय येतं ते आठवून बघा. आधी बातमी, मग फोटो, मग कुणीतरी कमेंटमध्ये लिहितं की "डीएनए करा, दोन दिवसांत सगळं बाहेर येतंय." त्याखाली चारशे लाइक्स. दोन दिवसांनी काहीच बाहेर आलं नाही की पुढची कमेंट ठरलेली असते, "मॅनेज केलं."

केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण झालं आणि त्याच दिवशी त्यांची निर्घृण हत्या झाली. तपास सीआयडीकडे गेला, मकोका लागला, फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस दोषारोपपत्र दाखल झालं. ३ मार्चला त्यातले फोटो बाहेर आले आणि दुसऱ्या दिवशी धनंजय मुंडे यांचा मंत्रिपदाचा राजीनामा आला. मोबाइलमधले फोटो आणि व्हिडिओ सगळ्या राज्याने पाहिले आणि चर्चाही त्यांचीच झाली. पण अशा कुठल्याही प्रकरणात गाडी, हत्यारं, कपडे, बाटल्या असा ढीगभर मुद्देमाल जप्त होतो. तो व्हायरल होत नाही, न्यायालयात मात्र त्यावर तासन् तास उलटतपासणी होते.

देशमुख प्रकरणाचा निकाल न्यायालय लावेल, ते काम आपलं नाही. पण या मुद्देमालातली एक गोष्ट अशी आहे, जिच्याबद्दल आपल्या डोक्यात सगळ्यात जास्त सिनेमा भरलेला आहे. ती म्हणजे लाळ. लाळेवरून माणूस खरंच सापडतो का? सापडला तर तो गुन्हेगार ठरतो का? आणि ठरत असेल, तर इतके खटले का फसतात?

लाळेत असं असतं तरी काय?

आपल्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. त्यात बहुतेक पाणीच असतं. पण दोन गोष्टी तपासाच्या कामाच्या असतात.

पहिली म्हणजे अमायलेज नावाचं विकर. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागायला लागतो ना, ते याचंच काम. ते पिठातल्या स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पेशी. गालाच्या आतल्या बाजूच्या पेशी सतत गळत असतात आणि लाळेत मिसळतात. त्या पेशींत तुमचा पूर्ण डीएनए असतो. म्हणजे अमायलेजवरून कळतं की हा डाग लाळेचा असावा आणि पेशींवरून कळतं की ती लाळ कुणाची. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं दोन वेगळ्या चाचण्यांतून येतात. सोशल मीडियावरचा अर्धा गोंधळ इथेच सुरू होतो.

डाग लाळेचा आहे हे ओळखतात कसं?

समजा, केज तालुक्यात रस्त्याच्या कडेला एक बेवारस गाडी सापडली. आत पाण्याची अर्धी बाटली, विडीची दोन थोटकं, दाताने फाडलेली गुटख्याची पुडी आणि मागच्या सीटवर एक टॉवेल.

रक्त डोळ्यांना दिसतं. लाळ वाळली की जवळजवळ दिसतच नाही. म्हणून तज्ज्ञ आधी अंधार करून विशेष प्रकाश टाकतात. त्यात लाळेचा डाग फिकट निळसर-पांढरा चमकू शकतो. 'शकतो' म्हटलं, कारण इतर अनेक डागही चमकतात आणि लाळेची चमक त्यात कमजोर असते.

मग येते अमायलेजची चाचणी. तिची सगळ्यात जुनी पद्धत शाळेत शिकलेल्या प्रयोगासारखीच आहे. स्टार्चवर आयोडीन टाकलं की निळा-काळा रंग येतो. लाळ असेल तर तिने स्टार्च आधीच फोडलेलं असतं, त्यामुळे तेवढ्या जागी रंग येत नाही. आता यासाठी तयार रसायनं मिळतात. शिवाय कोविडच्या अँटिजेन टेस्टसारखी दिसणारी पट्टीही मिळते, जी खास मानवी लाळेतलं अमायलेज ओळखते.

पण अमायलेज फक्त लाळेत नसतं. घामात, आईच्या दुधात, विष्ठेतही ते कमी-अधिक प्रमाणात सापडतं. म्हणून या चाचणीला प्राथमिक चाचणी म्हणतात. तिच्यावरून 'लाळ असण्याची शक्यता आहे' इतकंच म्हणता येतं.

मग ती कुणाची, हे कसं कळतं?

डाग वाळलेला असेल तर त्यावर आधी निर्जंतुक पाण्याने ओलसर केलेला कापसाचा बोळा फिरवतात आणि मग त्याच जागी दुसरा कोरडा बोळा. पहिला बोळा डाग सैल करतो, दुसरा उरलेलं टिपून घेतो. माणसाच्या त्वचेवरची लाळ घ्यायला ही दोन बोळ्यांची पद्धत जगभर वापरली जाते.

प्रयोगशाळेत त्यातल्या पेशींमधून डीएनए वेगळा काढतात, यंत्रात त्याच्या लाखो प्रती करतात आणि डीएनएवरच्या ठरावीक वीसेक जागा तपासतात. त्या जागांचे आकडे म्हणजे त्या माणसाचा डीएनए प्रोफाइल. संशयिताच्या रक्ताच्या किंवा गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्याशी तो ताडून पाहिला जातो. सख्खे एकसारखे जुळे सोडले तर दोन माणसांचे हे सगळे आकडे जुळणं जवळपास अशक्य असतं.

१९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरखाली स्फोट झाला, तेव्हा जबाबदारी घेणारं एक पत्र वर्तमानपत्राला आलं होतं. पाकीट चिकटवताना कुणीतरी जिभेने ओलं केलं होतं. त्या लाळेतला डीएनए एका आरोपीशी जुळला आणि तो दोषी ठरला. नेमकी ही गोष्ट ऐकली की आपल्याला वाटतं, लाळ सापडली म्हणजे विषय संपला.

चावल्याचा व्रण: दात की लाळ?

बीडच्या आष्टी तालुक्याला लागून अहिल्यानगर जिल्ह्यातला कर्जत तालुका आहे. तिथल्या कोपर्डीत १३ जुलै २०१६ रोजी एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये तीन जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. या खटल्यात दातांच्या व्रणांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांचा पुरावाही सरकारी पक्षाने मांडला होता.

पण दातांच्या ठशावरून माणूस ओळखण्याबद्दल जगभरातले शास्त्रज्ञ आता सावध झालेत. त्वचा लवचिक असते, सुजते, ठसा बदलतो. अमेरिकेच्या मानक आणि तंत्रज्ञान संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात या पद्धतीला पुरेसा वैज्ञानिक आधार नसल्याचं म्हटलं आहे. मात्र चावताना त्वचेवर लाळही लागते आणि तिच्यातला डीएनए हा कितीतरी भक्कम पुरावा आहे. म्हणून अशा व्रणाचा फोटो काढण्याबरोबर, आणि जखम धुण्याआधी, त्यावरून बोळा फिरवणं महत्त्वाचं.

कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातलं ९ ऑगस्ट २०२४ चं प्रकरण आठवत असेल. तिथे मृत डॉक्टरच्या शरीरावर सापडलेल्या लाळेतला डीएनए आरोपीशी जुळला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याला जन्मठेप झाली. याच प्रकरणात सोशल मीडियावर '१५० ग्रॅम वीर्य' सापडल्याचा दावा व्हायरल झाला होता. शवविच्छेदन अहवालात तो आकडा एका अवयवाच्या वजनाचा होता. सर्वोच्च न्यायालयात एका वकिलाने तो दावा केला, तेव्हा सरन्यायाधीशांनी सोशल मीडियावरून युक्तिवाद करू नका अशी समज दिली होती. अहवाल वाचता न येणं आणि तरीही फॉरवर्ड करणं, यात मेलेल्या माणसाचीही विटंबना होते.

लाळ काय सांगत नाही?

परत आपल्या त्या काल्पनिक गाडीकडे येऊ. पाण्याच्या बाटलीवरची लाळ एका संशयिताशी जुळली. आता?

आता एवढंच सिद्ध झालं की त्या बाटलीला त्याचं तोंड लागलं होतं. ते कधी लागलं, हे लाळ सांगत नाही. डाग सकाळचा की आठवड्यापूर्वीचा, हे खात्रीने सांगणारी चाचणी रोजच्या तपासात उपलब्ध नाही. बाटली त्या गाडीतच प्याली की धाब्यावर पिऊन मग गाडीत आली, हेही ती सांगत नाही. आणि खून कुणी केला, हे तर मुळीच नाही. बाटली इकडची तिकडे जाते. विडीचं थोटूक चपलेला चिकटून जातं. एकच ग्लास चार जण वापरतात.

म्हणून लाळ कुठे सापडली याला फार किंमत आहे. बाटलीवरच्या लाळेचं साधं स्पष्टीकरण असू शकतं. अनोळखी स्त्रीच्या अंगावर, चावल्याच्या व्रणावर सापडलेल्या लाळेचं स्पष्टीकरण देणं कुणालाही जड जाईल.

यातल्या दोन गोष्टी ऐकून ठेवा.

कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये एका उद्योजकाचा खून झाला. त्याच्या नखांखाली एका बेघर माणसाचा डीएनए सापडला. तो माणूस जवळपास पाच महिने तुरुंगात होता. नंतर कळलं की खुनाच्या वेळी तो दारूच्या नशेत रुग्णालयात भरती होता. त्याला रुग्णालयात नेणारे आरोग्य कर्मचारीच काही तासांनी खुनाच्या जागी गेले होते आणि त्यांच्यामार्फत त्याचा डीएनए मृतापर्यंत पोहोचला होता.

जर्मनीत तर पोलीस कित्येक वर्षं एका बाईला शोधत होते. खून, चोऱ्या, घरफोड्या, जिथे जावं तिथे तिचा डीएनए. २००९ मध्ये उलगडा झाला की अशी गुन्हेगार बाई अस्तित्वातच नव्हती. नमुने घ्यायचे कापसाचे बोळे ज्या कारखान्यात तयार व्हायचे, तिथल्या एका कामगार महिलेचा तो डीएनए होता.

दोन्ही ठिकाणी प्रयोगशाळेचं उत्तर बरोबर होतं. डीएनए त्यांचाच होता. चुकला तो त्यातून काढलेला अर्थ.

खरा खेळ कागदी पाकिटाचा

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे डीएनएचा पुरावा फसतो तो बहुतेक वेळा यंत्रामुळे नाही, तर यंत्रापर्यंतच्या प्रवासात.

लाळेचा नमुना ओला असताना प्लास्टिकच्या पिशवीत टाकला, तर ओलावा आत कोंडतो, जिवाणू आणि बुरशी वाढते आणि डीएनए कुजतो. म्हणून तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा असतो. प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात. प्रत्येक वेळी नवे हातमोजे. पाकिटावर गुन्हा रजिस्टर नंबर, तारीख, पंचांच्या सह्या, लाखेचं सील. मग मुद्देमाल कारकुनाकडे नोंद. मग प्रयोगशाळेला पत्र आणि नमुना घेऊन जाणारा शिपाई. या प्रत्येक पायरीवर 'कुणी दिलं, कुणी घेतलं, कधी' हे लिहिलेलं हवं. यालाच पुराव्याची साखळी म्हणतात. एक कडी गळली की बचाव पक्षाचा वकील एकच प्रश्न विचारतो, "मधल्या दिवसांत हे पाकीट कुठे होतं?"

हा प्रश्न किती महाग पडतो ते बघा.

ठाण्यातल्या २०१० च्या एका लहान मुलीच्या अत्याचार आणि खून प्रकरणात आरोपीला फाशी झाली होती, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायमही केली होती. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. डीएनए अहवाल होता, पण नमुने पाठवायला झालेल्या उशिराचं स्पष्टीकरण नव्हतं आणि नमुने दूषित झाले नसतीलच याची खात्री देता येत नव्हती.

दिल्लीतल्या छावला प्रकरणात २०१२ साली घेतलेले नमुने सुमारे अकरा दिवस पोलीस ठाण्याच्या मालखान्यात पडून होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये फाशीची शिक्षा झालेले तिन्ही आरोपी सुटले.

अशा निकालांनंतर लोक न्यायालयावर चिडतात. पण न्यायाधीशांसमोर दोनच वाटा असतात. शंका असलेल्या पुराव्यावर माणूस फासावर द्यायचा, किंवा सोडायचा. दोन्हींत त्या मुलीच्या आईवडिलांना न्याय मिळाला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. ती वेळ आणली कुणी? ज्याने पाकीट वेळेवर पाठवलं नाही किंवा नोंद ठेवली नाही, त्याने.

शेवटी १५ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूच्या एका खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला मुक्त करताना सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले. नमुना घेतल्यापासून ४८ तासांच्या आत तो प्रयोगशाळेत पोहोचवायची जबाबदारी तपास अधिकाऱ्याची. उशीर झाला तर कारण केस डायरीत लिहायचं. खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचं नाही. आणि नमुना घेतल्यापासून निकालापर्यंत साखळीचं वेगळं रजिस्टर ठेवायचं, ते खटल्याच्या कागदपत्रांना जोडायचं.

बीडमध्ये ही साखळी कशी दिसते?

राज्याची मुख्य न्यायवैद्यक प्रयोगशाळा मुंबईत कलिन्याला आहे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. बीड शहरापासून छत्रपती संभाजीनगर सुमारे १३० किलोमीटर. केज, परळी, अंबाजोगाईहून तर आणखी लांब. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे. एकाच शिपायाकडे बंदोबस्त, समन्स आणि नमुने पोहोचवणं. आता यात ४८ तासांचं गणित बसवा.

कायदा मात्र पुढे गेलाय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत आणि त्याचं चित्रीकरण करायचं आहे. राज्यांना यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. कलम ५१ खाली आरोपीची वैद्यकीय तपासणी करता येते आणि त्यात कोणकोणते नमुने तपासता येतात त्या यादीत रक्त, केस, घाम यांच्याबरोबर थुंकीचाही उल्लेख आहे. महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या सुरुवातीला फिरत्या न्यायवैद्यक व्हॅन आणल्या, एकूण २५६ व्हॅन देण्याचं ठरलं.

व्हॅन आल्या ही चांगलीच गोष्ट आहे. पण व्हॅन पोहोचायच्या आधी घटनास्थळी कोण पोहोचतं? ठाण्याचा बीट अंमलदार, गावचा पोलीस पाटील आणि आपण सगळे, हातात मोबाइल घेऊन. शंभर माणसं जागा तुडवतात, तिथेच तंबाखू मळतात, तिथेच पिचकाऱ्या मारतात. गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी लाल कोपरा कुठल्या गावात नाही ते सांगा. आता त्या पिचकाऱ्यांतली आरोपीची कुठली आणि बघ्यांची कुठली, हे शोधायला किती दिवस लागतील? शिवाय सुपारीतले काही घटक डीएनएच्या चाचणीत अडथळाही आणू शकतात.

मग आपण काय करायचं?

एक, घटनास्थळापासून लांब राहायचं. काहीही उचलायचं नाही, पुसायचं नाही, थुंकायचं तर अजिबात नाही.

दोन, आपल्या ओळखीत कुणावर अत्याचार झाला, तर तिला आधी दवाखान्यात न्या. शक्य असेल तर तपासणीआधी अंघोळ, कपडे बदलणं, तोंड धुणं टाळावं. त्वचेवरची लाळ एका अंघोळीत जाऊ शकते. पण अंघोळ झाली असेल, एक-दोन दिवस गेले असतील, तरी "आता काय उपयोग" असं म्हणू नका. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ९६ तासांपर्यंत नमुने घेतले जाऊ शकतात. कपडे बदललेच तर ते न धुता कागदी पिशवीत ठेवा. सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाला तिच्यावर मोफत उपचार करावेच लागतात. तपासणी तिच्या संमतीनेच होते. मदतीसाठी ११२ आणि १८१ हे क्रमांक आहेत.

तीन, 'डीएनए रिपोर्ट आला' अशी पोस्ट दिसली की तीन प्रश्न विचारा. नमुना नेमका कुठून घेतला? तो कधी पाठवला? आणि अहवालात 'जुळला' लिहिलंय, 'जुळला नाही' लिहिलंय की 'निष्कर्ष काढता येत नाही' लिहिलंय? या तिसऱ्या पर्यायाचा अर्थ 'मॅनेज केलं' असा होत नाही. नमुना अपुरा, मिसळलेला किंवा खराब झालेला होता, इतकाच तो अर्थ.

आणि राग व्यक्त करायचाच असेल, तर तो योग्य जागी करा. 'फाशी द्या' हे लिहायला सोपं आहे. पण आपल्या तालुक्याच्या ठाण्यात कागदी पाकिटं आणि बोळे आहेत का, साखळीचं रजिस्टर सुरू झालंय का, नमुने ४८ तासांत जातात का, हे आमदाराला आणि पोलीस अधीक्षकांना कुणी विचारतं का? पुढच्या खटल्यात उलटतपासणीला उभा राहील तो तुमची पोस्ट घेऊन नाही, तर त्या पाकिटावरची तारीख घेऊन.